वजन उतरवणं सोपं, बांध राखणं अवघड



आजची नोंद पोटाची आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

पाच वर्षांपूर्वीची लावणी. अर्धा तास आवण खणलं आणि कंबर धरून बांधावर बसलो. शेजारी सत्तरीची आत्या वाकलेलीच होती. मान वर करून एवढंच म्हणाली, "काय रं, बसलास पण?" तेव्हा माझं वजन ८४ किलो, उंची पाच फूट सहा इंच. त्याच महिन्यात तपासणी केली तर साखर काठावर आलेली.

मग इरेला पेटलो. कुणाला न विचारता भात-भाकरी बंद, रात्रीचं जेवण बंद. तीन महिन्यांत ११ किलो उतरले. गावात सगळे विचारायचे, काय केलंस रे? मी पण छाती काढून सांगायचो. पुढच्या दीड वर्षात वजन ८६ वर गेलं, म्हणजे सुरुवातीपेक्षा दोन किलो जास्त. तेव्हा मात्र कुणी काही विचारलं नाही.

माझं मत सरळ आहे. वजन किती झपाट्यानं उतरलं याला फार किंमत देऊ नका. तिसऱ्या वर्षी काटा कुठे आहे, ते बघा.

आधी पोट आलं कुठून ते बघू. कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे आलात की रस्त्याला गोदामंच गोदामं दिसतात आणि मेट्रोचे खांब. पूर्वी इथे भाताची खाचरं होती. आमचा बाप चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी सगळं अंगानं करायचा आणि वर खाडीत मासळीला जायचा. तो ताटभर भात खायचा आणि तो जिरायचा. आता कुणाची जमीन गोदामात गेली, भाडं येतं. ज्याची उरली त्याच्याकडे पॉवर टिलर आहे. ताट बापाचं राहिलं, काम मात्र मुनिमाचं झालं.

त्यात आपली अंगकाठी फसवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. यडकिन यांचा एकत्र फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखंच २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून हातपाय काडीसारखे असले तरी "मी कुठे जाडा आहे" असं म्हणू नका. टेप घ्या, कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली, तर आपल्याकडे ती धोक्याची खूण धरतात.

आता भांडणाचा विषय. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरात दोन पक्ष पडले होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटं चाला. ही मूळ कल्पना दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांची. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: दर दोन-तीन तासांनी थोडं खा, आपल्या मातीतलं खा, भात-तुपाला घाबरू नका. माझ्या मते भांडण नको तिथे चाललंय. घड्याळ दोघांचं वेगळं आहे, पण पुडीतलं चरबट खाणं सोडा आणि अंग हलवा हे दोघंही सांगतात. तुमच्या घरात, तुमच्या कामात जे दहा वर्षं निभेल ते तुमचं.

उतरलेलं वजन परत का येतं? आपण समजतो तेवढा आपला आळशीपणा त्यात नाही. अंग हलकं झालं की त्याला रोजचं इंधन कमी लागतं, आणि भूक मात्र वाढते. उपाशी राहून, अंग न हलवता उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो, मग खर्च अजून घटतो. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवायच्या स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी पुन्हा तपासले. २०१६ साली त्याचा निकाल छापून आला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं.

मग ज्यांचं टिकतं ते काय करतात? तिथेच १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. साडेतेरा किलोच्या वर उतरवून वर्षभर टिकवलेलेच तिच्यात घेतात. त्यांच्यात सारख्या गोष्टी दिसतात: रोज तासाभराची हालचाल, आठवड्याला तरी काट्यावर उभं राहणं, आणि सणवार असो नसो, खाण्याची एकच पद्धत.

आपल्या भाषेत सांगतो. खाडीकाठच्या खारजमिनीत पंप लावून पाणी काढता येतं. पण बांध फुटका असेल तर पुढच्या उधाणाला खारं पाणी परत आत, आणि मीठ धुवून निघायला काही पावसाळे जातात. मी पंप लावला होता, बांध घातलाच नव्हता.

दुसऱ्या वेळी बांधापासून सुरुवात केली. वर्षभरात ८६ वरून ७८ वर आलो. कंबर १०४ वरून ९४ झाली, म्हणजे अजून काम बाकी आहे. पण दोन पावसाळे काटा ७८-७९ वर आहे आणि साखर काठाच्या खाली. माझी पद्धत अशी:

१) सोमवारी सकाळी वजन, पिकाच्या वहीतच नोंद. दोन किलो वाढलं की त्याच आठवड्यात लक्ष द्यायचं, दहा किलोची वाट बघायची नाही.

२) भात सोडला नाही, मोजला. आधी वाल, भाजी, मासळी किंवा अंडं वाढून घेतो, मग भात. दुसऱ्यांदा भात नाही.

३) चहा. दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. हिशोब केला तर महिन्याला दीड किलो साखर एकटा पीत होतो. आता दोन कप, बिनसाखरेचे.

४) हळदीचा सीझन. आपल्याकडे हळदीला नाही गेलं तर भावकी तुटते. जातो, जेवतो, नाचतो. पण लागोपाठ तीन रात्री मटण आणि बाटली नाही.

५) रोज पाऊण तास भराभर चालणं. शिवाय आठवड्यातून दोन-तीन दिवस फावडं-घमेलं, म्हणजे स्नायू राहतात. ट्रॅक्टरवर बसणं यात धरू नका.

घरातल्या बाईचं वेगळं बोललं पाहिजे. ती सगळ्यात शेवटी जेवते आणि उरलेला भात "टाकायचा कसा" म्हणून संपवते. डाळ-मासळी तोवर आपण संपवलेली असते. पोट वाढतं आणि रक्त कमीच राहतं. तिला "कमी खा" सांगण्याआधी तिचं ताट आपल्याबरोबर वाढा.

आणि इशारा: साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. काही न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका, तपासणी करा. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड, काहीही असू शकतं.

कृषी सहायक आणि तज्ज्ञ मंडळींना एक विनंती. शेतीशाळेत मातीचा सामू सांगता, नत्र-स्फुरद-पालाश सांगता. पिशवीत एक टेपही ठेवा. माती तपासायला आलेल्या शेतकऱ्याची कंबर मोजायला एक मिनिट लागतं. तुमची स्वतःची पण मोजा, मोटारसायकलवरची नोकरी आहे.

या वर्षीच्या लावणीला आत्या बांधावर बसली होती, गुडघे गेलेत तिचे. मी दुपारपर्यंत वाफ्यात होतो. तिनं काही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या तेवढा पुढे केला.

तुमची कंबर किती, ते आज मोजा. आणि उतरवलेलं वजन तीन वर्षं टिकवलेलं कुणी असेल, तर काय केलं ते खाली जरूर लिहा.