कचऱ्यावरचे रान आणि गिरण्यांची जमीन

आमच्या मराठी विभागांत निसर्ग एका पेपरात असतो आणि कामगार दुसऱ्या. पहिल्या पेपरात बालकवी येतात, दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ येते. दुसऱ्यात नारायण सुर्वे, अण्णाभाऊ साठे आणि नामदेव ढसाळ येतात. दोन्ही पेपर एकाच वर्गात, बहुधा एकाच दिवशी शिकवले जातात. पण पहिल्या तासाला आपण काय म्हणालो हे दुसऱ्या तासाला कोणी विचारत नाही. ही वाटणी निरुपद्रवी नाही. तिचे परिणाम अभ्यासक्रमापुरते राहत नाहीत. ते मुंबईच्या जमिनीपर्यंत पोहोचले आहेत, असे आमचे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी हा लेख.

प्रसंग साधा होता. काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मुंबईला गेलो आणि महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहिले. एका बाजूला धारावी, दुसऱ्या बाजूला मिठी नदी व तिच्या काठची तिवरे, नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. आणि मध्ये सुमारे ३७ एकरांचे गर्द रान. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेली आमची मुले. त्यांतल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, हे जंगल खरं आहे का?” परत आल्यावर आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले : “तो बगीचा आहे. निसर्ग पाहायचा तर रायरेश्वरावर जा.” मुलीचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो, सहकाऱ्यांचे उत्तर आम्हाला मान्य नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. ही जागा १९७७ पर्यंत मुंबईचे डम्पिंग ग्राउंड होती. गिरण्यांच्या, कारखान्यांच्या आणि लाखोंच्या संसाराच्या या शहराने जे जे टाकून दिले, ते येथे साचत गेले. कचरा टाकणे थांबल्यावर तेथे निसर्गशिक्षणाचे उद्यान करावे ही कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने पुढे आणली. ५ जून १९८३ रोजी डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले झाड लावले गेले. कुजणाऱ्या कचऱ्यावर मातीचे थर चढवावे लागले, त्या मातीत तग धरतील अशी झाडे निवडावी लागली आणि ती वाढेपर्यंत थांबावे लागले. उद्यान लोकांसाठी उघडले ते १९९४ साली, म्हणजे पहिल्या रोपानंतर ११ वर्षांनी. आज तेथे शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. त्या पक्ष्यांना कोणी निमंत्रण दिले नव्हते. माणसाने माती टाकली, झाडे लावली, वाट पाहिली. पुढचे त्यांनी ठरवले.

याला कृत्रिम म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मात्र मग तो शब्द सर्वत्र सारख्याच निष्ठेने वापरावा. भोरला येणारा प्रत्येक पाहुणा भाटघरच्या पाण्याकडे पाहून हरखतो आणि आमच्या हौशी कवींच्या वह्या त्या पाण्याच्या वर्णनांनी भरलेल्या आहेत. ते पाणी १९२८ साली पुऱ्या झालेल्या धरणाचे आहे. येळवंडी अडवून केलेला तो जलाशय आहे आणि त्याच्या तळाशी लोकांच्या जमिनी आहेत. डोंगरउतारावरची भातखाचरे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या दगड रचून केली. देवराई तर ‘अस्पर्श’ निसर्गाचा सर्वांत लाडका दाखला. पण ती टिकली ती गावाने तोडबंदी पाळली म्हणून, देवाचे भय घातले म्हणून, म्हणजे माणसांच्या नियमांनी. भोंगवलीतून दिसणाऱ्या क्षितिजात नुसता निसर्ग म्हणता येईल असे फारच थोडे आहे. तरीही भाटघर हा निसर्ग आणि मिठीकाठचे रान हा बगीचा, असा निवाडा आपण का देतो? कारण भाटघरचा श्रम जुना झाला, तो दिसेनासा झाला. मिठीकाठचा अजून ताजा आहे. श्रम विसरला गेला की त्याला निसर्ग म्हणायचे, अशी आपली सौंदर्यदृष्टी आहे. ‘कृत्रिम’ या शिक्क्यामागे रसिकता नाही, विसराळूपणा आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. माणसाला कचऱ्यावरही जंगल उभे करता येते असे म्हटले, की कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या हाती आयते समर्थन पडते : हे तोडू, दुसरीकडे लावू. ही भीती काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा बदली रोपांचे आकडे मोठ्या तत्परतेने सांगितले जात होते. पण महाराष्ट्र निसर्ग उद्यान हा त्या युक्तिवादाचा पुरावा नव्हे, खंडन आहे. ते कोणत्याही तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात उभे राहिलेले नाही. नासवलेली जमीन परत द्यायला ते उभे राहिले. आणि ती परतफेड पहिल्या ३७ एकरांत दिसू लागायलाच एक तपाच्या आसपास काळ गेला. एवढ्या कष्टाने मिळते ते सहज बदलता येते, असा निष्कर्ष यातून निघत नाही.

शिवाय असे रान एकदा वाढले म्हणजे सुरक्षित झाले, असेही नाही. धारावी पुनर्विकासासाठी अधिसूचित केलेल्या क्षेत्राच्या रेषेत हे उद्यान आले आणि ते प्रकल्पातून वगळले आहे असे २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयात सांगितले जाईपर्यंत लोकांना झगडावे लागले. ज्या जागेला एके काळी कोणी फुकट घेतले नसते, ती आता वांद्रे-कुर्ला संकुलासमोरची जागा आहे. अशा वेळी ‘तो काय, बगीचाच’ हे वाक्य निरागस राहत नाही. साहित्याच्या प्राध्यापकाने ते उच्चारले तरी ते जमिनीच्या बाजारात ऐकू जाते.

आता दुसऱ्या पेपराकडे येऊ. निसर्ग उद्यानापासून थोड्या अंतरावर, दक्षिणेला, गिरणगाव आहे. मुंबईच्या ५८ कापड गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या सुरू झाल्याच नाहीत. कापड गेले आणि जमीन उरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने त्या जमिनीची वाटणी ठरवली : एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने या जमिनींचा तुकड्यातुकड्यांनी नव्हे तर एकत्रित विचार करून सलग मोकळ्या जागा राखण्याचा मार्ग दाखवला. मुंबईच्या मध्यभागी, यंत्रे बंद पडलेल्या आवारांत, निसर्ग उद्यानाहून कितीतरी मोठी हिरवी जागा होऊ शकली असती. ही कवीची कल्पना नव्हती, तर कायद्यातली तरतूद होती.

२००१ साली नियमात एक दुरुस्ती झाली. एक तृतीयांशाची वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची नव्हे, तर आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचीच, असा तिचा अर्थ झाला. शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून वगळली गेली. गिरणीच्या आवारात शेडखेरीज रिकामे असे कितीसे असणार? बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुढचे सर्वांसमोर आहे. जेथे साचे चालत होते तेथे मॉल, मनोरे आणि उपाहारगृहे आली. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ माणसे गेली, तेव्हा त्या जागेचे काय झाले आहे हे अनेकांनी पहिल्यांदा पाहिले. गिरणी कामगारांच्या घरांसाठीचे अर्ज दीड लाखांच्या पुढे गेले आणि त्यांतले बहुसंख्य अजून वाट पाहत आहेत.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक शब्द ओळखता यायला हवा : ‘मोकळी जमीन’. नियमातल्या या एका शब्दाचा अर्थ बदलला आणि गिरणगावाचे मैदान, उद्यान, सावली सारे आक्रसले. शब्दार्थाची चिकित्सा हा आपला व्यवसाय आहे असे आपण म्हणतो. मग ही चिकित्सा मराठीच्या व्यासपीठांवर कितीशी झाली? जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने १९९७ साली गिरणीबरोबर कोसळणारे घर रंगभूमीवर आणले आणि आपण त्या नाटकावर भरपूर लिहिले. पण ज्या जमिनीवर ते घर उभे होते तिचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न आपण नगररचनाकारांवर आणि वकिलांवर सोडून दिला. कामगारसाहित्याच्या अभ्यासकाने झाडाविषयी बोलणे म्हणजे विषयांतर, आणि निसर्गलेखनाच्या अभ्यासकाने संपाविषयी बोलणे म्हणजे राजकारण, असे आपण मानत राहिलो. कामगाराला घर हवे, उद्यान हा मध्यमवर्गाचा छंद, असे एका बाजूने म्हटले गेले. हिरवाई हवी, कामगार हा जुना विषय, असे दुसऱ्या बाजूने. नियमात मात्र घर आणि मोकळी जागा शेजारी शेजारी होत्या आणि दोन्ही एकाच दुरुस्तीने कापल्या गेल्या.

वेगळे होऊ शकले असते का? आपले निसर्ग उद्यान उघडले त्याच १९९४ साली जर्मनीतल्या डुइसबुर्ग शहरात एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्याचे उद्यान लोकांसाठी उघडले. १९८५ मध्ये तेथील भट्ट्या विझल्या होत्या. पेटर लाट्झ या आरेखनकाराने त्या पाडल्या नाहीत. लोक आज त्या भट्टीवर चढून जातात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव करतात आणि रुळांच्या कडेने झाडोरा वाढतो. तेथे झाड आणि यंत्र यांच्यात निवड करावी लागली नाही. जर्मनीचा पैसा वेगळा, जमिनीवरचा ताण वेगळा, हे आम्हाला कळते. मुंबईने डुइसबुर्गची नक्कल करावी असेही आम्ही म्हणत नाही. पण गिरणीची चिमणी आणि तिच्या सावलीतला पिंपळ एकत्र राहू शकतात, एवढी कल्पना करणे आपल्याला जड का गेले, हे विचारले पाहिजे. आमचे उत्तर असे की, ज्या भाषेत ही दोन्ही चित्रे दोन स्वतंत्र पेपरांत शिकवली जातात, तिच्या सुशिक्षितांना ती एकत्र दिसणे अवघडच होते.

हे सारे भोंगवलीत बसून लिहिण्याचे कारण आहे. भोर-वेल्ह्याच्या किती तरी घरांतून माणसे गिरण्यांत गेली. आमच्यापैकी एकाचे चुलते परळच्या गिरणीत बदली कामगार होते. संपानंतर ते गावी परतले ते एक पत्र्याची पेटी आणि कानांचा बहिरेपणा घेऊन. आपण ज्याच्यात आयुष्य घातले त्या आवारात आता काय आहे, हे त्यांना शेवटपर्यंत नीट समजावता आले नाही. तेथे निदान झाडे लावली आहेत, असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. आणि ही गोष्ट भूतकाळातच राहणार नाही. नीरेच्या पलीकडे शिरवळला आणि इकडे खेड-शिवापूरच्या बाजूला महामार्गाच्या कडेने कारखाने उभे आहेत. आमचे विद्यार्थी त्यांत कामाला जातात. कारखान्यालाही आयुष्य असते, हे गिरणगावाने शिकवले आहे. उद्या यांतला एखादा बंद पडेल, त्या दिवशी तेथल्या जमिनीवर कोणाचा हक्क सांगायचा, ‘मोकळी’ म्हणजे काय, तेथे झाड लावायचे की स्मारक करायचे की दोन्ही, हे बोलायला शब्द हवेत. ते शब्द आज वर्गात तयार झाले नाहीत, तर त्या वेळी फक्त जाहिरातदारांपाशी असतील.

म्हणून आमची मागणी अगदी शालेय वाटेल अशी आहे. ‘ऋतुचक्र’ आणि ‘माझे विद्यापीठ’ एकाच पेपरात ठेवा. निसर्गवर्णन शिकवताना विचारा की ही जमीन आधी काय होती आणि तेथे कोण राबत होते. कामगारकविता शिकवताना विचारा की त्या चाळीच्या आसपास झाड होते का, आणि नसेल तर का नव्हते. आपल्या तालुक्यात परतलेले गिरणी कामगार अजून हयात आहेत. प्रकल्पाच्या नावाखाली मुलांकडून संकेतस्थळांवरचा मजकूर उतरवून घेण्याऐवजी त्यांना या माणसांच्या ओट्यावर पाठवा. निसर्ग उद्यानाची सहल काढलीत तर पक्ष्यांची यादी जरूर करा, पण पायाखाली कोणत्या वर्षापर्यंत कचरा पडत होता आणि तो कोणी वेचला, हेही वहीत लिहून घ्या.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला तेव्हा दिले नव्हते. पुढच्या तासाला दिले. जंगल खरे आहे. ते माणसांनी केले आहे, आणि लक्ष राहिले नाही तर माणसेच ते घेऊन जातील. तिने विचारले, मग गिरण्यांच्या जागी असे का नाही केले? तो तास निसर्गकवितेचा होता. आम्ही तो त्या प्रश्नावर खर्च केला.