लाइट गेली की हा पडतो

"मॅडम, लाइट गेली की हा पडतो." सात वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईची तक्रार एवढीच होती. दिवसा शाळेत जातो, पाय जरा फाकवून टाकतो, पण ती त्याची ढब असेल असं घरच्यांना वाटायचं. आमच्या तालुक्यात अंधार काही नवा नाही, सगळेच चाचपडतात. हा मात्र उभ्याउभ्या कोसळायचा.

शर्ट वर केला तर पोटावर आडवा जुना व्रण. तो व्रण मला माहीत होता. खोकल्या-तापासाठी हा मुलगा पूर्वी दोनदा येऊन गेला होता. गुडघ्यावर हातोडी मात्र मी कधी मारली नव्हती. त्या दिवशी मारली. टेबलावरून लोंबणारा पाय लोंबतच राहिला. डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर केला, खाली केला. "आता कुठंय सांग." त्याला सांगता येईना. मग तो हळूच एक डोळा किलकिला करून बघायला लागला. तेव्हा उलगडलं. आपला पाय कुठे पडतोय, हे तो आजवर डोळ्यांनी ओळखत होता. लाइट गेली की पायच हरवायचे.

व्रणाची गोष्ट जुनी. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत या बाळाच्या पित्तनलिका बंद झाल्या होत्या. या आजाराला बिलिअरी अट्रेसिया म्हणतात. जपानमधल्या सेंदाईचे सर्जन मोरिओ कासाई यांनी 1950च्या दशकात त्यावर शस्त्रक्रिया शोधली: आतड्याचा तुकडा थेट यकृताच्या तोंडाशी नेऊन जोडायचा, म्हणजे पित्ताला वाट मिळते. साठ दिवसांच्या आत केली तर यशाची शक्यता जास्त. या मुलाची झाली ऐंशीव्या दिवसाच्या आसपास. कावीळ बरीच उतरली, पूर्ण नाही. गाय विकून, उसनवारी करून ऑपरेशन केलेल्या घराला तेवढंही खूप होतं.

पुढची पाच वर्षं त्याच्या उपचारांच्या फाइलीत दर खेपेला बिलिरुबिनचा आकडा आहे. गुडघ्याबद्दल एक ओळ नाही.

पित्ताचं एक काम भांडी घासायच्या साबणासारखं असतं. ते स्निग्ध पदार्थ फोडतं, म्हणून ते अंगी लागतात. अ, ड, ई आणि के ही चारही जीवनसत्त्वं स्निग्धातच विरघळणारी. पित्त कमी पडलं की ती आतड्यातून तशीच बाहेर जातात. 'के' कमी झालं तर रक्त थांबत नाही, कधी थेट मेंदूत रक्तस्राव होतो. 'ड' गेलं की हाडं मऊ. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. 'ई' गुपचूप घात करतं. मज्जातंतूंची आवरणं स्निग्ध असतात आणि बरणीतलं तेल खवट होतं तशी तीही खराब होऊ शकतात. ते खवटणं 'ई' रोखून धरतं. ते संपलं की आधी लांबचे तंतू जातात, म्हणजे पायांचे. दीड-दोन वर्षांच्या सुमाराला गुडघ्याचा झटका नाहीसा होतो आणि त्याची वाच्यता कोण करणार? मूल चालतंय, खातंय. मग तोल जातो, पुढे डोळ्यांची हालचालही बिघडते.

अमेरिकेत रोनाल्ड सोकोल आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात दाखवून दिलं की साधारण तीन वर्षांच्या आत 'ई' भरून काढलं तर नसा सावरतात, नंतर सुधारणा अर्धीमुर्धीच होते. म्हणजे आम्हा डॉक्टरांना हे कळून चाळीस वर्षं होत आली.

औषधाचीही गंमत बघा. गावातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल मिळते. बायका ती फोडून चेहऱ्याला लावतात, केसांच्या तेलात घालतात. या मुलाला तीच पोटातून चालू होती, कुणीतरी लिहून दिलेली. पण ती तेलकट कॅप्सूल. अंगी लागायला पुन्हा पित्तच हवं! त्याला हवं होतं पाण्यात मिसळणारं 'ई'. ते तालुक्यात एकाही दुकानात नव्हतं. पुण्याहून कुरिअरने मागवलं, तेही एका मित्राच्या ओळखीने.

रक्ततपासणीही फसवी. अशा मुलांच्या रक्तात कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं असू शकतं आणि 'ई' त्याच चरबीवर स्वार होऊन फिरतं. त्यामुळे कागदावर आकडा नॉर्मल येतो आणि नसा उपाशी असतात. चरबीच्या प्रमाणात 'ई' किती, ते काढावं लागतं. गणित शाळकरी आहे, फक्त कुणीतरी करायला हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. कासाई झालेल्या प्रत्येक बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर चारही जीवनसत्त्वांचं वेळापत्रक छापलेलं असावं. पाण्यात मिसळणारं 'ई' जिल्हा रुग्णालयात ठेवलेलं असावं. आणि माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरने दर खेपेला हातोडी काढावी. अशी मुलं थोडी असतात, जिल्ह्याला हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. 'एवढ्यांसाठी कोण करणार' असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. थोडी आहेत म्हणून तर सोपं आहे, असं मी म्हणाले. चहा आला आणि विषय बदलला.

ऑपरेशनच्या आधीची चूकही सांगते, कारण ती माझीच आहे. हाच मुलगा तीन आठवड्यांचा असताना त्याची आजी मला म्हणाली होती, "पोराची शी खडूसारखी होते हो." मी शी बघितली नाही. "आजी, कोवळं ऊन द्या, उतरेल कावीळ," म्हटलं. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली, शी पांढुरकी झाली, लंगोटावर शूचा पिवळा डाग पडायला लागला, तर ऊन देत बसायचं नसतं. त्याच दिवशी रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन बघायचं असतं. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं.

तैवानने 2004पासून देशभर शीच्या रंगाचं कार्ड बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत दिलं. जपानने 2012मध्ये तेच केलं. आपल्याकडे आशाताई 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी बाळाच्या घरी जातेच. तिच्या हातात रंगांची एक पट्टी द्यायला किती खर्च येईल?

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. 'ई' नियमित चालू आहे, तोल थोडा सुधारला, गुडघा मात्र अजून गप्पच. घरात खाट ते मोरी अशी बॅटरीवरच्या दिव्यांची रांग त्याच्या वडिलांनी लावली आहे.

गेल्या महिन्यात त्याची आई पुन्हा आली, कडेवर अठरा दिवसांची मुलगी. बाळाला काही झालेलं नव्हतं. तिने पिशवीतून घडी घातलेलं दुपटं काढलं आणि माझ्या टेबलावर, प्रिस्क्रिप्शन पॅडच्या शेजारीच उलगडलं. कंपाउंडरने नाक मुरडलं.

"नीट बघा मॅडम. पिवळी आहे ना?"

मी खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलं. हळदीसारखी पिवळी होती.