स्वरचित खेळ आणि प्याद्याचा न्याय

कल्पित कथेंत स्वतः पात्र होऊन शिरावें, एकानें सूत्रधार बनून प्रसंग सांगावा आणि संशय पडेल तेथें फाशांनीं निर्णय द्यावा, असा एक पाश्चात्य खेळ आतां आपल्याकडील घरांतही आला आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें प्रसिद्ध केला. आमच्या नाहूरमधील कांहीं मुलें तर विकतच्या नियमांवर संतुष्ट न राहतां आपला स्वतंत्र खेळ रचीत आहेत. कित्येक वडील मंडळींस हा कालापव्यय वाटतो. मला तसें वाटत नाहीं. नियम रचणें म्हणजे एक लहानसें राज्यच बसविणें होय. कोणास काय करतां यावें, आणि कोणाजवळ किती सामग्री असावी, हे दोन प्रश्न तेथें टाळतां येत नाहींत.

पहिला प्रश्न पात्रांच्या वर्गांचा. मूळ खेळांत योद्धा, मांत्रिक व पुरोहित असे तीनच वर्ग होते. मांत्रिकाजवळ मंत्र, परंतु त्यास चिलखत वर्ज्य आणि शस्त्र म्हणून केवळ खंजीर. म्हणूनच त्यास योद्ध्याची गरज. आपल्या बुद्धिबळांतही हेंच तत्त्व आहे. हत्ती सरळ, उंट तिरपा. आणि वजीर दोन्ही चाली जाणत असला तरी घोड्याची अडीच घरांची उडी त्यास साधत नाहीं. यास्तव मुलांनीं पात्राचें सामर्थ्य लिहिण्यापूर्वीं त्याचें उणें लिहावें.

दुसरा प्रश्न सामग्रीचा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत दहा रंगांचीं, प्रत्येकीं बारा, अशीं १२० पानें असतात. तिघे खेळले तर प्रत्येकाच्या वांट्यास ४० येतात. पान एकदां टाकलें कीं गेलें. म्हणून केव्हां टाकावें यांतच चातुर्य. शिवाय राजा आणि प्रधान यांच्याखालीं निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर निम्म्यांत एक्का श्रेष्ठ; त्यामुळें लहान पानें हातीं आलेला गडीही अगदींच निराधार होत नाहीं. सामग्री अशी असावी कीं ती दोन कामांस उपयोगी पडावी, पण दोन्हींस पुरूं नये. कंदिलांतील तेल वाट पाहण्यास जाळावें, कीं शत्रूचा तट पेटविण्यास राखावें? जेथें असा विचार करावा लागतो तेथेंच खेळ रंगतो. केवळ गुणांच्या बेरजेनें तो रंगत नाहीं.

परंतु ‘वर्ग’ या शब्दापाशीं आपण थोडें थांबलें पाहिजे. १९७४ च्या नियमांत खुजांच्या कुळांत जन्मलेल्या पात्रास योद्धाच व्हावें लागे, आणि सहाव्या पायरीच्या वर चढतां येत नसे. पराक्रम कितीही करो, जन्मानें घातलेली मर्यादा कायम! हे पायऱ्यांचे निर्बंध २००० सालच्या आवृत्तींत काढून टाकण्यांत आले. आपल्या देशी बुद्धिबळाचा न्याय याहून उदार आहे. प्यादें शेवटच्या घरास पोंचलें कीं त्या ओळीचें मोहरें होतें. आणि वाटेंत तिरपें मारून तें दुसऱ्या ओळींत गेलें असेल, तर त्या दुसऱ्या ओळीचें. तें कोठें उभें होतें हें कोणी विचारीत नाहीं. कोठें पोंचलें हेंच पाहतात.

जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचें पाप आपल्या समाजानें, आणि त्यांतही आपल्यासारख्या घराण्यांनीं, पिढ्यान् पिढ्या केलें आहे. तीच रीत मुलांच्या वहींत नकळत उतरूं नये, एवढी दक्षता वडिलांनीं घ्यावी. उपदेश करण्याचें कारण नाहीं. नियम रचणाऱ्यानें पहिला डाव आपल्याच खेळांतील सर्वांत दुबळ्या पात्राचा खेळावा, एवढाच दंडक घालावा. त्या पात्रावांचून सोबत्यांचें अडत असेल, आणि त्याची वाट पुढें मोकळी असेल, तर नियम चांगले झाले असें खुशाल समजावें.