अभिनयाची पदवी घ्यावी काय?

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी हे मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे गाव. जवळपास चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, सभोवती जंगल आणि उरलेल्या जमिनीत धान. अशा गावातील आपल्या समाजाची एखादी मुलगी बारावीनंतर अभिनयाचे शिक्षण घ्यायचे म्हणते, तेव्हा घरातील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. बाप म्हणतो डी.एड. कर, मामा म्हणतो नर्सिंग कर, आणि आजी सरळच विचारते, "नाचासाठी सिकवलं का तुले?" वकिलीच्या निमित्ताने दाखले आणि शिष्यवृत्तीची कामे आमच्याकडे येतात, त्यांच्या मागोमाग हा प्रश्नही येतो. म्हणून त्यावर एकदा मोकळेपणाने लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

आजीचा राग हा अडाणीपणा आहे असे कोणी समजू नये. तमाशाच्या फडावर आपल्या आयाबहिणींना नाचवून इतरांनी नाव आणि पैसा कमावला. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, ही हकिकत चळवळीत सर्वश्रुत आहे. आजीच्या त्या एका वाक्यामागे हा सारा इतिहास उभा आहे.

परंतु याच चळवळीने भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसेही उभे केले. ढोलकी तीच राहिली, गण-गवळण मात्र गेली आणि तिच्या जागी पाणवठा, शाळा, सावकार आले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयात खुद्द बाबासाहेबांपुढे झाले आणि १९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही झाले. जातीने लादलेले नाचणे वेगळे आणि आपण होऊन रंगमंच हाती घेणे वेगळे. हा फरक आजीला समजावून सांगता येतो, मात्र त्यासाठी नातीला तो आधी कळलेला असला पाहिजे.

आता पदवीचा विचार करू. वकिलीला सनद लागते. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यानुसार बार कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय वकिली करता येत नाही. अभिनयाला अशी कोणतीही सनद नाही. नागपूरचे वीरा साथीदार आयुष्यभर कार्यकर्ते म्हणून जगले आणि 'कोर्ट' चित्रपटात नारायण कांबळे हा शाहीर होऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. २०१५ साली ऑस्करसाठी भारताने तोच चित्रपट पाठविला. (आमच्या वकील बांधवांनी तो अवश्य पाहावा. तारखांवर तारखा कशा पडतात ते आपल्याला बाहेरून कधी दिसतच नाही.) साथीदार यांचे २०२१ साली कोरोनाने निधन झाले. त्यांचे उदाहरण देऊन 'शिक्षणाची गरज काय' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते एक गोष्ट विसरतात. साथीदार यांच्यामागे अनेक वर्षांची चळवळ होती, तीच त्यांची शाळा. अठरा वर्षांच्या मुलीला ती शाळा आयती मिळत नाही. शिवाय त्या भूमिकेवर त्यांचे पोट अवलंबून नव्हते.

मग पदवी देते काय? नोकरीची हमी देत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ती देते दोन-तीन वर्षांचा निवांत वेळ. आवाज, शरीर, भाषा यांवर रोज मेहनत, जगभरची नाटके वाचण्याची सोय आणि पुढेमागे शिकविण्याची वाट. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही त्यांना या वेळेची किंमत अधिक आहे. दिग्दर्शकाच्या खुर्चीत आपली माणसे फार थोडी बसतात, आणि आपले दुःख कोणत्या सुरात बोलायचे हे तिथेच ठरते. आम्ही या शिक्षणाच्या बाजूने आहोत ते यासाठी.

मात्र कुठे शिकायचे हे डोळे उघडे ठेवून ठरवावे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांची पदविका देते. तिथे विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळते, पण प्रवेशाला आधी कोणत्याही शाखेची पदवी आणि किमान सहा नाटकांतील सहभाग लागतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील अभिनयाचा अभ्यासक्रम १९७० च्या दशकात बंद पडला होता, तो २००४ साली पुन्हा सुरू झाला. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी आहे, छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. हे सर्व सोडून अंधेरीतल्या एखाद्या तीन महिन्यांच्या 'अ‍ॅक्टिंग क्लास'साठी धानाची बांधी गहाण टाकणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा होय. तिथे शिष्यवृत्ती लागू नाही, वसतिगृह नाही आणि प्रमाणपत्राला कोणी विचारत नाही.

म्हणून नाकाडोंगरीच्या मुलीला आमचा सल्ला असा की, आधी तुमसरला किंवा भंडाऱ्याला बी.ए. करावे आणि ती तीन वर्षे वाया घालवू नयेत. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज आताच करावा. केंद्राच्या संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो. नवबौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रात अनुसूचित जातीचा हक्क मिळाला, तरी दाखल्यावरील शब्दांत घोळ झाला की प्रवेशाच्या वेळी पायपीट आपल्याच नशिबी येते. घराबाहेर राहून शिकताना वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे, पण संस्था आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहेत का ते आधी तपासावे.

आणि सहा नाटके? ती दारातच आहेत. दिवाळीनंतर आपल्या भागात गावोगावी मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत होते, वडसा येथील कंपन्यांची झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्या खडी गंमतीत स्त्रीची भूमिका वर्षानुवर्षे पुरुषांनी केली, त्याच भागातील मुली आज झाडीपट्टीच्या नाटकांत नायिका म्हणून उभ्या राहतात. फक्त आपल्याकडे कागद ठेवायची सवय नाही. नाटकाचे पोस्टर, पेपरातील कात्रण आणि निर्मात्याचे सहीशिक्क्याचे पत्र प्रत्येक प्रयोगानंतर मागून घ्यावे आणि दाखल्यांच्याच पिशवीत ठेवावे.