14 जानेवारी : विद्यापीठाच्या गेटवर गर्दी होणारच, पण बीबीचं पोरगं आत शिकतंय का?

बीबी (ता. लोणार) : जानेवारीचा दुसरा आठवडा आला की आपल्या रस्त्यावर गाड्या वाढतात. 12 तारखेला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव, आणि लगेच 14 तारखेला छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन. त्याच दिवशी संक्रांत. इकडं घरात तिळगूळ, रानात तुरीची सोंगणी, हरभरा घाट्यात, आणि तरी जीप भरून माणसं निघतात. विद्यापीठाच्या गेटपुढं डोकं टेकवायचं, पुस्तकं-कॅलेंडर घ्यायचं, एखाद्या सभेला थांबायचं आणि रात्री परत.

या गर्दीकडं बघून नवीन पोरं विचारतात, एका नावासाठी एवढं काय? तर हे नाव फुकट लागलेलं नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. प्रत्यक्षात नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. मधी साडेपंधरा वर्षं गेली. ठराव झाला तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवार, आणि नाव लागलं तेव्हाही तेच.

या मधल्या काळात काय झालं ते आपल्या शेजारच्याच मुलखात झालं. मंठा, जिंतूर काही लांब नाही. दंगलीची झळ सगळ्यात जास्त परभणी, नांदेडकडच्या खेड्यांना बसली. दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंचा खून झाला. पुढं नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारेंनी जाळून घेतलं, तेव्हा कुठं सरकार हललं.

आणि आपलं नातं तर त्याहून जवळचं. 11 नोव्हेंबर 1979 ला प्रा. जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादला पायी निघाला. महिनाअखेरीस तो आपल्या भागात आला आणि खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवला. लाठीमार झाला, धरपकड झाली. मोर्चा औरंगाबादला पोचू दिला नाही. राहेरीच्या त्या पुलावरून आपण सोयाबीन घेऊन जालन्याच्या मार्केटला जातो, पण तिथं काय घडलं हे आपल्या शाळेत कुणी सांगत नाही. गेटवर जाणाऱ्या गाड्यांनी पाच मिनिटं तिथंही थांबायला हरकत नसावी.

आता एक विचार करा. आपल्या अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव लागलं, जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं लागलं. गावं पेटली नाहीत. मग इथंच का पेटली? मराठवाड्याची अस्मिता, मुक्तिसंग्रामाच्या आठवणी हे कारण होतं, ते खोटं नाही. म्हणूनच तर शेवटी 'मराठवाडा' शब्द ठेवून नामांतराचा नामविस्तार केला, आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ दिलं. पण ज्यांची घरं जाळली त्यातल्या किती जणांनी विद्यापीठ डोळ्यानं बघितलं होतं? माझ्या मते खरी पोटदुखी गावातली होती. गैरान कसणारा, मेलेलं ढोर ओढायला नाही म्हणणारा, पोरगं कॉलेजात घालणारा माणूस डोळ्यात खुपत होता. विद्यापीठाचं नाव हे निमित्त झालं.

बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाडा विद्यापीठ आलं त्यानंतर आठ वर्षांनी, 1958 मध्ये. म्हणजे त्या शहरात खेड्यातल्या पोरांसाठी वाट पाडणाऱ्यांत बाबासाहेब आधीचे. नाव देणं ही मेहरबानी नव्हती, हे एवढ्यावरूनच कळतं.

आता आजचं बोलू. बीबी बुलढाणा जिल्ह्यात, म्हणून विद्यापीठ आपल्याला अमरावतीचं. पण पोरांना जवळ पडतं ते संभाजीनगर. लोणार, मेहकरला पदवी झाली की पुढं तिकडं जायचं तर मायग्रेशन, पात्रता, सगळे कागद आले. त्यात खोलीभाडं आणि मेस. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. सुरुवातीपासूनचे दर बघितले तर मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार, संभाजीनगरसारख्या महापालिकेच्या शहरात 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. उत्पन्नाची अट अडीच लाखांची. योजना चांगली आहे. अडचण एवढीच की पैसे खात्यावर येईस्तोवर घरमालक थांबत नाही. मग बाप तूर पडत्या भावात विकतो, नाहीतर पोरगं वाळूजच्या कंपनीत कामाला लागतं आणि ॲडमिशन कागदावर राहतं.

हे फक्त एका समाजाचं रडगाणं नाही. मराठा, धनगर, वंजारी, मुस्लिम कुठल्याही कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी हेच चाललंय. योजनांची नावं वेगळी, हप्ता अडकायची तऱ्हा एकच. पोरींचं तर बारावीनंतर खोली करून राहणं म्हटलं की घरात चर्चाच बंद होते.

14 तारखेला गेटवर सगळ्या गटांचे वेगवेगळे स्टेज असतात. भाषणं होतात, एकमेकांवर टीका होते, पुढच्या निवडणुकीची चाचपणीही होते. होऊ द्या. पण त्या स्टेजवरून स्वाधारचे किती अर्ज पडून आहेत, शिष्यवृत्तीचा हप्ता कोणत्या महिन्यात आला, वसतिगृहात जागा किती आणि अर्ज किती, हे आकडे कुणी मागितलेले मी तरी फार ऐकले नाहीत. खरं तर एवढ्या गर्दीपुढं आमदार-मंत्र्याला हे विचारायला यापेक्षा चांगला दिवस नाही.

ज्या घरात यंदा बारावी किंवा पदवीचं शेवटचं वर्ष आहे त्यांनी एक करावं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी आणि आधारला जोडलेलं बँक खातं आत्ताच नीट करून ठेवावं. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते, सर्व्हर बंद पडतं, आणि इकडं पेरणीही तेव्हाच असते.