नियम म्हणजे नियम?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि खरं सांगायचं तर जरा रागानेच बसलोय. निमित्त आमच्या पुतण्याचं. तो हे वाचेलच. वाचू दे!

२२ नोव्हेंबर २०२२. विश्वचषकात अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला. आमच्या कोल्हापुरात त्या दिवशी घरोघरी सुतक होतं म्हटलं तरी चालेल. इथे पेठापेठांत, तालमी-तालमींत फुटबॉल. विश्वचषक आला की अर्धं गाव अर्जेंटिनाचं आणि अर्धं ब्राझीलचं. त्या सामन्याच्या पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले. त्यातला लाउतारो मार्टिनेझचा एक तर असा, की यंत्राने काढलेल्या चित्रात खांद्याजवळचा जरासा भाग काय तो पुढे! मी हळहळलो. शेजारी बसलेला पुतण्या म्हणाला, "काका, नियम म्हणजे नियम. मिलिमीटर असो नाहीतर मीटर." तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. परवा फोनवर पुन्हा तेच वाक्य.

हेच वाक्य मी स्वतः तीसेक वर्षं वर्गात पोरांना ऐकवलं. म्हणूनच अधिकाराने सांगतो की ते अर्धवट आहे. नियम आभाळातून पडत नाही. कुणीतरी काहीतरी लबाडी करतं, खेळ बिघडतो, मग चारजण बसून नियम करतात. ती लबाडी विसरून नुसता नियम घोकायचा म्हणजे प्रश्न न वाचता उत्तर लिहिण्यासारखं आहे.

ऑफसाइडचंच घ्या. १८६३ साली लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये बैठका होऊन फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि तेरा नियम ठरले. त्यात चेंडूच्या पुढे असलेला आपल्या बाजूचा खेळाडू सरसकट बाद. का? तर कुणी समोरच्याच्या गोलपाशी आयता दबा धरून बसू नये म्हणून. ईटनच्या शाळेत तर अशा वागण्याला 'स्नीकिंग' म्हणजे चोरटेपणा म्हणत. पण एवढ्या कडक नियमात पुढे पास देणंच अशक्य! म्हणून १८६६ मध्ये सूट मिळाली : पुढे तीन प्रतिस्पर्धी असतील तर चालेल.

मग बचाववाल्यांनी त्यातूनही वाट काढली. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन ऐनवेळी पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडण्यात पटाईत होता. नियम एकही मोडला नाही, पण खेळ गुदमरला. १९२५ मध्ये तीनाचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आदल्या हंगामात ११९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात १७०३. सामने तेवढेच! १९९० मध्ये आणखी सैल केलं : बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड नाही. शिवाय शंका असेल तर लाइन्समनने निशाण उचलू नये, असा संकेत.

बघा, दिशा एकच आहे. प्रत्येक वेळी गोल करू पाहणाऱ्याच्या बाजूने.

बाकीचे नियमही असेच आले. गोल होणार असं दिसलं की मुद्दाम हाताने चेंडू अडवायचा, कारण शिक्षा साध्या फ्री किकची. त्यावर १८९१ मध्ये पेनल्टी आली. ती सुचवली आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम नावाच्या एका गोलकीपरने! सभ्य गृहस्थ मुद्दाम खोटं खेळतात असं मानणं हा अपमान आहे, अशी तेव्हा ओरडही झाली. पुढे वेळ काढण्यासाठी बचावपटू चेंडू मागे गोलकीपरला द्यायचे आणि तो हातात धरून बसायचा. सगळं नियमात. १९९२ मध्ये तेही बंद केलं.

आता पुतण्याची बाजू. तो म्हणतो, यंत्र सगळ्यांना सारखं, त्यात पक्षपात नाही. कबूल. २०१० मध्ये जर्मनीविरुद्ध लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडला आणि पंचांना दिसलाच नाही. तिथे यंत्र हवंच, आणि पुढे ते आलंही. पण तिथे प्रश्नच तेवढा आहे : चेंडू आत गेला की नाही? ऑफसाइडचा मूळ प्रश्न वेगळा आहे : याने आयता फायदा घेतला का? काखेच्या कडेएवढं पुढे असल्याने कुणाला कसला फायदा होतो, हे मला एकदा समजावून सांगा. माणसाला शंका यायची आणि तिचा फायदा खेळणाऱ्याला मिळायचा. यंत्राला शंकाच येत नाही, म्हणून तो फायदाही गेला. जी सूट देण्यात सव्वाशे वर्षं गेली, ती आपण पट्टी लावून काढून घेतली.

आर्सेन वेंगर यांनी २०२० मध्ये सुचवलं होतं, की गोल करता येईल असा शरीराचा कुठलाही भाग बचावपटूच्या बरोबरीत असेल तर ऑफसाइड देऊ नये. यंत्र तेच ठेवा, रेघ हलवा. मला हे पटतं. कारण मग रद्द होईल तो गोल खरोखर पुढे घुसलेल्याचा असेल.

आता एवढा का तापलो, तेही सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शालेय स्पर्धेत मी पंच होतो. छापील नियमात लिहिलं होतं, बूट सक्तीचे. दोन्हीकडची निम्मी पोरं अनवाणी खेळत होती आणि कुणाची तक्रार नव्हती. मग एका अनवाणी पोराने लागोपाठ दोन गोल केले, आणि समोरच्या शाळेचे सर नियमांचं पुस्तक घेऊन मैदानात आले. बोट फक्त त्याच पोराकडे. बुटाचा नियम पायाला इजा होऊ नये म्हणून असतो. इथे तो पाय थांबवायला वापरला जातोय हे मला स्वच्छ दिसत होतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणी खेळले, हे मी वर्गात छाती फुगवून सांगायचो. तरीही त्या दिवशी मी शिट्टी वाजवली, पोराला बाहेर काढलं आणि म्हणालो, "बाळ, नियम म्हणजे नियम."

ते उरलेला सगळा वेळ रेघेबाहेर उकिडवं बसून होतं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने. पुन्हा कुठल्या सामन्यात मला ते दिसलं नाही.

मी चुकलो होतो. नियम पाळण्यात नव्हे, तो कशासाठी आहे हे माहीत असून न विचारण्यात.

असो. पुतण्याचा फोन येईलच. तुम्हालाही पटलं नसेल तर जरूर लिहा. पण "नियम म्हणजे नियम" एवढंच नका लिहू, कारणही लिहा!