समुद्राला कंपाउंड

माणसाने विश्रांती घ्यावी, याबद्दल माझे दुमत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी ती ऑफिसातच नियमितपणे घेत आलो. पण विश्रांती 'बुक' करावी लागते, हे मात्र निवृत्तीनंतर चिरंजीवांकडून कळले. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने मालवणजवळच्या एका आलिशान व्हिलात तीन दिवसांची विश्रांती बुक केली. भाडं त्याने सांगितलं नाही. सूनबाईंनी सांगितलं. रात्रीला वीस हजार! तेव्हापासून माझी झोप जी उडाली ती उडालीच. दुपारी जरा डोळा मिटला की डोक्यात हिशेब सुरू : तासाभराची डुलकी, साधारण आठशे तेहेतीस रुपये. एवढी महाग झोप घेण्यापेक्षा जागं राहून भाडं वसूल करावं, या विचाराने मी पहाटेपर्यंत टक्क जागा!

व्हिला देखणा होता, खोटं कशाला बोलू? भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, सोफे पांढरे. सोलकढीचा पेला हातात घेऊन टेकायची कुठे सोय नाही. आणि समुद्रापासून शंभर पावलांवर पोहायचा तलाव! साडेतीनशेहून अधिक किलोमीटर घाट उतरून यायचं, अरबी समुद्राकडे तोंड करायचं आणि औषध घातलेल्या पाण्यात डुंबायचं, म्हणजे गाभाऱ्यात उभं राहून देवाच्या फोटोला नमस्कार करण्यापैकी आहे.

"आपण आपले खऱ्या समुद्रावर जाऊ," ही म्हणाली. निघालो. तर पुढे चिऱ्यांची पुरुषभर उंच भिंत, तिला लोखंडी दार आणि दाराला कुलूप. संध्याकाळी सहानंतर समुद्र बंद!

किल्ली सांभाळणारा पोरगा गावातलाच. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, पूर्वी हयसूनच पाखाडी होती. अख्खो गाव जाय. आता माझी आवस वळसो मारून जाता."

माझं भांडण आहे ते इथे.

१९८४ साली आम्ही दोघं लाल एस.टी.ने हाडं खिळखिळी करून घेत याच तालुक्यात आलो होतो. उतरलो एका मित्राच्या मामांकडे. समुद्र कुठे, असं विचारल्यावर मामांनी नुसता हात केला. कुणाच्या अंगणातून, कुणाच्या विहिरीला वळसा घालून, गडग्याच्या खिंडीतून आम्ही गेलो. वाटेत तीन घरांनी चहा विचारला; 'कुठे चाललात' असं दरडावून कुणी विचारलं नाही. वाट कुणाच्या मालकीची, हा प्रश्न गावाला पडलाच नव्हता.

आता पडला आहे. सरकारने १९९१ साली किनाऱ्यासाठी नियम केले. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आले आणि खेड्यापाड्यांच्या किनाऱ्यावर पहिले २०० मीटर नव्या बांधकामापासून मोकळे ठेवायचे ठरले. २०१९ साली दाट वस्तीच्या गावांपुरते त्या २००चे ५० झाले. आमच्या व्हिलाचे कागद चोख असतीलही. मोजपट्टी घेऊन फिरायची मला हौस नाही. पण भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची आणि वाळूपर्यंतची वाट मात्र एकट्याची, हा कुठला न्याय? ताट सगळ्यांचं म्हणायचं आणि स्वयंपाकघराला कुलूप लावायचं!

लगेच कुणी म्हणेल, "अहो, पोरांना रोजगार मिळतो!" मिळतो की. त्या पोराचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो आणि त्यासाठी त्याला मुंबई गाठावी लागली नाही, याचा मलाही आनंद आहे. बांधा व्हिले, घाला पांढरे सोफे. पण भिंतीच्या कडेने हातभर पाखाडी सोडली, तर कुणाची विश्रांती भंगणार आहे? आपल्याच आईच्या वाटेला कुलूप लावायचा पगार त्या पोराने का घ्यावा?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अर्धा मैल वळसा मारून किनाऱ्यावर गेलो. तिथे रापण ओढणं चाललं होतं. होडीने अर्धगोल टाकलेलं जाळं, दोन्ही टोकांना माणसांची रांग. त्यात पोराची आईही होती. मी ओळख सांगू लागलो, तर ती म्हणाली, "आधी दोरी धरा, मगे बोला." धरली. ओढणाऱ्याला वाटा मिळायचा रिवाज. तासाभराने माझ्या हातात चार बांगडे आले. चौतीस वर्षांत एवढ्या अंगमेहनतीची कमाई ही पहिलीच.

व्हिलाच्या नियमपत्रात लिहिलं होतं, 'ओली मासळी आत आणू नये'. तेव्हा बांगडे त्या माउलीच्या चुलीवर गेले. जेवल्यावर तिने ओटीवर चटई टाकली. मी जो आडवा झालो तो थेट चार वाजता उठलो. फुकट!

निघताना व्हिलाच्या वहीत अभिप्राय मागितला : 'विश्रांती कशी झाली?' मी लिहिलं, "उत्तम झाली. भिंतीपलीकडे."